व्हॉल्व्ह गिटार अ‍ॅम्प्लिफायरचा फ्यूज वारंवार उडत असेल, तर दोष कसा शोधावा

व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायरचा फ्यूज एकदा उडाला, तर त्यात काळजीचे फारसे कारण नसते. वर्षानुवर्षे प्रत्येक वेळी सुरू होताना बसणाऱ्या धक्क्याने तार थकते आणि एखाद्या दिवशी तुटते. तोच फ्यूज बदलल्यावर पुन्हा उडाला, तर मात्र आत कुठेतरी विद्युतप्रवाह नको त्या वाटेने जात आहे हे निश्चित समजावे. अशा वेळी सर्रास घडते ते असे, की नवा फ्यूज बसतो, मग पॉवर व्हॉल्व्हची (स्पीकरला शक्ती पुरवणाऱ्या काचेच्या निर्वात नळ्यांची) नवी जोडी बसते, अ‍ॅम्प काही आठवडे व्यवस्थित वाजतो आणि पुन्हा भर कार्यक्रमात बंद पडतो. व्हॉल्व्ह बदलल्याने दुरुस्ती झाली असे वाटते, पण बहुतेक वेळा व्हॉल्व्ह हा त्या बिघाडाचा बळी असतो, कारण नव्हे. या लेखाचा सारा भर त्याच फरकावर आहे.

उदाहरणासाठी सर्वाधिक आढळणारी रचना घेतो : दोन ईएल ३४ पॉवर व्हॉल्व्ह, तीन ईसीसी ८३ प्रीअ‍ॅम्प व्हॉल्व्ह, सुमारे ५० वॉट, २३० व्होल्टचा पुरवठा, मुख्य बाजूला २ अँपिअरचा आणि उच्च विद्युतदाबाच्या (व्होल्टेजच्या) बाजूला ५०० मिलिअँपिअरचा फ्यूज. ६एल६, ६व्ही६ किंवा ईएल ८४ असलेल्या अ‍ॅम्पना आकडे बदलतील, पण शोधाचा क्रम तोच राहील.

काम सुरू करण्यापूर्वी एक गोष्ट ठामपणे सांगणे माझे कर्तव्य आहे. या यंत्रात ४५० व्होल्टच्या आसपास डीसी दाब असतो आणि प्लग काढल्यानंतरही फिल्टर कपॅसिटरमध्ये (डीसी सपाट करण्यासाठी विद्युतभार साठवणाऱ्या घटकांत) तो टिकून राहू शकतो. ५० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमध्ये ४५० व्होल्टला सुमारे ५ जूल ऊर्जा साठलेली असते आणि छातीतून गेली तर ती जीवघेणी ठरू शकते. म्हणून चेसिस (यंत्राचा धातूचा सांगाडा) उघडल्यावर प्रथम मीटर लावून दाब पाहावा, क्लिप लावलेल्या ४.७ किलोओहम, ५ वॉटच्या रेझिस्टरमधून कपॅसिटर रिकामे करावेत आणि दाब दहा व्होल्टच्या खाली आल्याची पुन्हा मीटरने खात्री करावी. चालू अवस्थेत मोजमाप करावेच लागले, तर मीटरची काळी क्लिप चेसिसला आधी अडकवून एकाच हाताने काम करावे. ज्यांना याची सवय नाही त्यांनी इथे दिलेली बाहेरून करता येणारी निरीक्षणे नोंदवून ती जाणकार कारागिराकडे द्यावीत. त्यानेही अर्धे काम होते.

आणि फ्यूजच्या जागी जाड तार, सिगारेटची चांदी किंवा मोठ्या क्षमतेचा फ्यूज कधीही बसवू नये. फ्यूज काही रुपयांचा असतो. त्याच्या मागे असलेला मेन्स ट्रान्सफॉर्मर किंवा आउटपुट ट्रान्सफॉर्मर हजारो रुपयांचा असतो, आणि जुन्या अ‍ॅम्पच्या बाबतीत त्याच्या तोडीचा पुन्हा मिळेलच असे नसते.

उडालेला फ्यूज फेकू नका

उडालेल्या फ्यूजमध्ये बिघाडाची पहिली साक्ष असते. काच स्वच्छ असून तार मधोमध हलकेच वितळून तुटलेली दिसली, तर प्रवाह मर्यादेच्या थोडाच वर गेला होता किंवा तार थकली होती. काचेला आतून काळा वा चंदेरी थर बसला असेल, तर क्षणार्धात प्रचंड प्रवाह गेला, म्हणजे सरळ शॉर्ट झाला. दोन फ्यूज असलेल्या अ‍ॅम्पमध्ये कोणता उडाला हेही निर्णायक असते. केवळ उच्च दाबाचा फ्यूज उडाला आणि व्हॉल्व्हचे हीटर (आतील तापणाऱ्या तारा) उजळत राहिले, तर मेन्स ट्रान्सफॉर्मर बहुधा निर्दोष असतो आणि शोध रेक्टिफायरच्या (एसीचा डीसी करणाऱ्या भागाच्या) पुढे न्यायचा असतो. अनेक जुन्या फेंडर रचनांमध्ये उच्च दाबाचा वेगळा फ्यूज नसतोच, त्यामुळे तिथे सारा भार एकट्या मुख्य फ्यूजच्या साक्षीवर पडतो.

मंदगती, म्हणजे ‘टी’ अक्षर असलेल्या काचेच्या फ्यूजचा स्वभाव नीट समजून घेतला, तर पुढचा बराच गोंधळ टळतो. ५ बाय २० मिलिमीटरच्या अशा फ्यूजसाठी असलेल्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार तो नेमून दिलेल्या प्रवाहाच्या दीडपट प्रवाह किमान एक तास सोसतो आणि २.१ पट प्रवाहाला दोन मिनिटांच्या आत तुटतो. याचा अर्थ असा, की ५०० मिलिअँपिअरचा फ्यूज अर्ध्या तासाने उडाला, तर तो अर्धा तास थोडा जास्त भार सोसत होता असे मानण्याचे कारण नाही. त्या अर्ध्या तासाच्या शेवटी कधीतरी प्रवाह एकदम वाढला. दोष सुरुवातीपासून उघड नसतो, तो तापल्यावर उघड होतो. हे लक्षात न घेतल्यामुळे थंड अ‍ॅम्पवर तासन्‌तास मोजमापे घेतली जातात आणि सारे काही ठीक असल्याचा निष्कर्ष निघतो.

म्हणून अ‍ॅम्पच्या मालकाला पहिला प्रश्न ‘फ्यूज केव्हा उडतो’ हाच विचारावा. मेन्स स्विच दाबताच उडत असेल, तर ट्रान्सफॉर्मर, रेक्टिफायर किंवा पहिला फिल्टर कपॅसिटर संशयित ठरतो. स्टँडबाय (उच्च दाब रोखून धरणारा स्विच) सोडल्यावर उडत असेल, तर उच्च दाबाची बाजू, पॉवर व्हॉल्व्ह आणि बायस (व्हॉल्व्हचा प्रवाह आवरणारा उणे दाब). वीस-तीस मिनिटांनी उडत असेल, तर बायस सरकतो आहे किंवा एखादा कपॅसिटर तापल्यावर गळतो आहे. फक्त जोरात वाजवताना उडत असेल, तर सॉकेटमधील ठिणगी, स्क्रीन ग्रिडचे (व्हॉल्व्हमधील दुसऱ्या जाळीचे) रेझिस्टर किंवा आउटपुट ट्रान्सफॉर्मर. याच्याही आधी एक साधी खातरजमा करावी : बसवलेला फ्यूज योग्य मूल्याचा आणि मंदगती आहे का? शीघ्रगती फ्यूज कपॅसिटर भरतानाच्या पहिल्या धक्क्यालाच उडू शकतो आणि मग नसलेला दोष शोधत बसावे लागते.

सिरीज बोर्डावर

दोष शोधताना फ्यूजमागून फ्यूज जाळण्याची गरज नाही. आपल्याकडच्या प्रत्येक वायरमनकडे असतो तो सिरीज बोर्ड इथे सर्वांत मोलाचा ठरतो. अ‍ॅम्पच्या पुरवठ्यात १०० वॉटचा तारेचा बल्ब सिरीजमध्ये जोडला, की आत पूर्ण शॉर्ट असला तरी ०.४३ अँपिअरहून अधिक प्रवाह जाऊच शकत नाही. एलईडी बल्ब या कामाला चालत नाही, तारेचाच हवा. डिमरस्टॅट (दाब कमीजास्त करता येणारा ट्रान्सफॉर्मर) उपलब्ध असल्यास तो बल्बच्या आधी जोडून दाब हळूहळू वाढवता येतो, पण केवळ डिमरस्टॅटवर विसंबू नये, कारण तो प्रवाहाला मर्यादा घालत नाही.

प्रथम सर्व व्हॉल्व्ह काढून ठेवावेत, प्रत्येकाची जागा लिहून ठेवून. आता अ‍ॅम्प सुरू केल्यावर बल्ब क्षणभर चमकून जवळजवळ विझायला हवा, कारण फिल्टर कपॅसिटर भरले, की ट्रान्सफॉर्मरचा रिकामा प्रवाह तेवढा उरतो. बल्ब उजळतच राहिला, तर व्हॉल्व्हचा काही संबंध नाही, हे एका चाचणीत सिद्ध झाले. मग पुरवठा तोडून ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरी (आतल्या भागांना दाब देणाऱ्या बाजूच्या) तारा एकेक करून सुट्या कराव्यात आणि प्रत्येक वेळी बल्ब पाहावा. सगळ्या सुट्या करूनही तो उजळत असेल, तर ट्रान्सफॉर्मरच्या वेटोळ्यांत शॉर्ट आहे. उच्च दाबाच्या तारा सोडताच विझला, तर डायोड किंवा पहिला कपॅसिटर.

डायोडविषयी थोडे थांबून सांगितले पाहिजे. ३५०–०–३५० व्होल्टच्या (मधल्या तारेपासून दोन्हीकडे ३५० व्होल्ट देणाऱ्या) वाइंडिंगवर दोन डायोडच्या रचनेत प्रत्येक डायोडवर उलट दिशेने सुमारे ९९० व्होल्टचा शिखर दाब येतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या पासोड्या विठोबाच्या परिसरात सहज मिळणारा १एन४००७ हा डायोड १००० व्होल्टचा असतो, म्हणजे कागदावर तो बसतो, पण पुरवठा २३० ऐवजी २४५ झाला, की मर्यादा ओलांडली जाते. असा एकेरी डायोड शॉर्ट होतो, बदलला जातो आणि काही दिवसांनी पुन्हा शॉर्ट होतो. प्रत्येक बाजूला दोन किंवा तीन डायोड सिरीजमध्ये घातल्यास ही तक्रार कायमची मिटते.

जीझेड ३४ सारखा रेक्टिफायर व्हॉल्व्ह असेल, तर आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. त्याच्या पुढचा पहिला कपॅसिटर ६० मायक्रोफॅरडपेक्षा मोठा नसावा, अशी उत्पादकांची मर्यादा आहे. गुणगुण कमी व्हावी म्हणून कुणी तिथे १०० मायक्रोफॅरड बसवला असेल, तर रेक्टिफायरच्या आत ठिणग्या पडतात आणि नवा व्हॉल्व्हही त्याच वाटेने जातो. दुसरी गोष्ट फसवी आहे. या व्हॉल्व्हचा कॅथोड (इलेक्ट्रॉन सोडणारा भाग) आतून हीटरला जोडलेला असल्यामुळे ट्रान्सफॉर्मरचे ५ व्होल्टचे वाइंडिंग पूर्ण उच्च दाबावर तरंगत असते. त्या वाइंडिंगचे इन्सुलेशन कमजोर झाले, तर रेक्टिफायर काढल्यावर फ्यूज टिकतो आणि बसवल्यावर उडतो, आणि दोष मात्र व्हॉल्व्हमध्ये नव्हे तर ट्रान्सफॉर्मरमध्ये असतो. त्या तारा सॉकेटपासून सोडवून चेसिसशी ५०० व्होल्टच्या मेगरने (उच्च दाबावर इन्सुलेशन मोजणाऱ्या मीटरने) तपासल्यास खरे काय ते कळते.

व्हॉल्व्ह परत बसवून चाचणी करताना बल्बच्या प्रकाशाचा अर्थ बदलतो हे ध्यानात ठेवावे. ईएल ३४ चा हीटर १.५ अँपिअर आणि ईसीसी ८३ चा ०.३ अँपिअर घेतो. आपल्या उदाहरणातील पाच व्हॉल्व्हचे हीटरच ६.३ व्होल्टला सुमारे २५ वॉट घेतात. त्यामुळे बल्ब मंदपणे पेटलेला राहणे स्वाभाविक आहे आणि तो पाहून शॉर्टचा निष्कर्ष काढू नये. मंद स्थिरावलेला बल्ब स्टँडबाय सोडल्यावर किंवा काही मिनिटांनी हळूहळू उजळू लागला, तर तो इशारा खरा आहे.

बायस : जिथे दोष सर्वाधिक लपतो

पॉवर व्हॉल्व्हच्या नियंत्रक ग्रिडवर (प्रवाह आवरणाऱ्या जाळीवर) उणे दाब नसेल, तर व्हॉल्व्ह पूर्ण उघडतो, त्याची प्लेट (प्रवाह गोळा करणारा धातूचा पत्रा) लाल होते आणि थोड्याच वेळात तो निकामी होतो. म्हणून नवी जोडी बसवण्यापूर्वी, पॉवर व्हॉल्व्ह काढलेल्या अवस्थेत, दोन्ही सॉकेटच्या पाचव्या पिनवर दाब मोजावा. ईएल ३४ च्या या रचनेत तो साधारण उणे ३५ ते उणे ४५ व्होल्टच्या दरम्यान असतो आणि दोन्ही सॉकेटवर जवळजवळ सारखाच असायला हवा. मीटर लावलेले असतानाच बायसचा पॉट (फिरवून बायस बदलणारा रेझिस्टर) लाकडी काडीने हलकेच ठोकावा. आकडा उड्या मारू लागला, तर पॉटचा सरकता संपर्क खराब आहे. बायसच्या पुरवठ्यातील छोटा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर दशकानुदशके जागेवर असेल, तर तो न तपासताच बदलावा, असे माझे स्पष्ट मत आहे. फिल्टर कपॅसिटर बदलून घेणारे पुष्कळ असतात, पण याच्याकडे फार थोड्यांचे लक्ष जाते.

माझ्याकडे आलेला एक अ‍ॅम्प इथे सविस्तर सांगण्यासारखा आहे. तक्रार अशी होती, की अर्ध्या तासाने उच्च दाबाचा फ्यूज उडतो, व्हॉल्व्ह बदलले की काही कार्यक्रम पार पडतात आणि मग पुन्हा तेच होते. काढलेले व्हॉल्व्ह टेस्टरवर ठीक दाखवत होते. थंड अवस्थेत दोन्ही सॉकेटवर उणे ३८ व्होल्ट मिळाले, म्हणजे सकृतदर्शनी सारे उत्तम होते. पॉवर व्हॉल्व्ह बाहेर ठेवूनच अ‍ॅम्प चालू सोडला आणि फेज इन्व्हर्टरच्या (दोन पॉवर व्हॉल्व्हना परस्परविरुद्ध संकेत देणाऱ्या) भागावर केस वाळवण्याच्या यंत्राची गरम हवा सोडली. एका सॉकेटवरचा दाब जागचा हलला नाही. दुसऱ्यावरचा मात्र उणे ३८ वरून ३५, ३२ असा चढत उणे २९ वर येऊन थांबला. हवा बंद केल्यावर तो सावकाश परत उतरला.

या नऊ व्होल्टचा हिशोब मांडला, की दोषी आपोआप समोर येतो. ग्रिडपासून बायसकडे जाणारा रेझिस्टर २२० किलोओहमचा होता. त्यावर नऊ व्होल्टचा फरक पडायला सुमारे ४१ मायक्रोअँपिअर प्रवाह लागतो, आणि पॉवर व्हॉल्व्ह सॉकेटमध्ये नसताना तो प्रवाह येण्याची एकच मुख्य वाट उरते : फेज इन्व्हर्टरच्या प्लेटवरील दोनशेहून अधिक व्होल्ट अडवून धरणारा ०.०२२ मायक्रोफॅरडचा कपलिंग कपॅसिटर. त्याचे ग्रिडकडचे टोक सुटे करून १० मेगओहमच्या मीटरने चेसिसशी मोजले. चांगला कपॅसिटर क्षणभर आकडा दाखवून जवळजवळ शून्यावर स्थिरावतो. हा तापल्यावर शंभराहून अधिक व्होल्ट दाखवू लागला. साध्या ओहममीटरवर तोच कपॅसिटर निर्दोष दिसत होता, कारण ओहममीटर काही व्होल्टांनीच मोजतो आणि तो कपॅसिटर गरम असताना आणि दोनशे व्होल्टांखालीच गळत होता.

घटनाक्रम मग असा उलगडला. अ‍ॅम्प तापे, एका बाजूचा बायस ढळे, त्या बाजूच्या व्हॉल्व्हचा प्रवाह वाढे, प्लेट लाल होई आणि अखेरीस तापलेल्या ग्रिडमुळे आत क्षणिक शॉर्ट होऊन फ्यूज उडे. थंड झाल्यावर व्हॉल्व्ह पूर्ववत दिसे, त्यामुळे टेस्टरवर तो उत्तीर्णच होत असे. दोन्ही कपॅसिटर ६३० व्होल्टचे नवे बसवले, पॉवर व्हॉल्व्हची ताजी जोडी बसवली आणि तक्रार संपली.

सॉकेट, ओलावा आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर

आठ पिनांच्या सॉकेटमध्ये दुसरी पिन हीटरची आणि तिसरी प्लेटची असते, म्हणजे जवळजवळ चेसिसच्याच, म्हणजे शून्य दाबावरचा हीटर आणि ४५० व्होल्टची प्लेट अगदी शेजारी बसतात. स्पीकरची वायर न जोडता किंवा सैल जॅकवर अ‍ॅम्प वाजवला, तर प्लेटवर याच्या कितीतरी पट दाब उसळतो आणि या दोन पिनांमध्ये ठिणगी पडते. एकदा ठिणगी पडली, की बेकेलाइटवर कार्बनची बारीक काळी रेघ उमटते आणि पुढची ठिणगी त्याच रेघेवरून सहज धावते. कोकणात आणि गोव्यात, खाऱ्या दमट हवेत पावसाळाभर बंद पडून राहिलेल्या अ‍ॅम्पमध्ये हे विशेष जपून पाहावे. तेलकट धूळ आणि ओलावा मिळून तीच वाट आणखी सोपी करतात. ही रेघ भिंगातून पाहावी आणि मेगरने तपासावी, कारण साध्या मीटरला ती सापडत नाही. ती खरवडून काढण्याचा प्रयत्न व्यर्थ असतो, म्हणून सॉकेटच बदलावे आणि शक्य असल्यास सिरॅमिकचे घ्यावे. काही रचनांत हीटरच्या तारांपासून चेसिसला जोडलेले १०० ओहमचे दोन रेझिस्टर असतात. त्यांपैकी एक जळालेला आढळला, तर प्लेटचा दाब हीटरवर पोहोचल्याचा तो जवळजवळ पुरावाच समजावा.

आउटपुट ट्रान्सफॉर्मरवर संशय घेण्याआधी वरचे सारे तपासून व्हावे, कारण तो दोषी असण्याची शक्यता मनात येते तितकी नसते. त्याची चाचणी कमी दाबावर करता येते. प्लेटच्या तारा आणि मधली तार सुट्या करून ८ ओहमच्या सेकंडरीवर १ व्होल्ट एसी द्यावा. ३.४ किलोओहमच्या प्रायमरीवर (प्लेटकडच्या वेटोळ्यावर) टोकापासून टोकापर्यंत सुमारे २० व्होल्ट आणि मधल्या तारेपासून दोन्हीकडे सारखे, सुमारे १० व्होल्ट मिळायला हवेत. दिलेला १ व्होल्टच खाली बसला किंवा दोन बाजूंत ठळक फरक पडला, तर वेटोळी आपसांत शॉर्ट झाली आहेत. ट्रान्सफॉर्मर नुकताच बदललेला असेल आणि स्टँडबाय सोडताच कर्कश आवाज होऊन फ्यूज उडत असेल, तर फीडबॅकची (आउटपुटमधून मागे दिल्या जाणाऱ्या संकेताची) दिशा उलटली आहे. प्लेटच्या दोन तारांची अदलाबदल केल्यावर तो थांबतो.

पुरवठ्याचा दोष

अमेरिकेतून आणलेला १२० व्होल्टचा किंवा जपानमधील १०० व्होल्टचा अ‍ॅम्प स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मरवर चालत असेल, तर सॉकेटवरचा प्रत्यक्ष दाब मोजावा. जपानी अ‍ॅम्पला १२० व्होल्ट मिळत असल्याचे अनेकदा आढळते, आणि तसे असेल तर आतले सगळेच दाब पाचव्या हिश्शाने वाढलेले असतात. केवळ ६० हर्ट्झसाठी काटकसरीने बांधलेला मेन्स ट्रान्सफॉर्मर आपल्या ५० हर्ट्झवर अधिक तापतो, त्याला उपाय नाही. अ‍ॅम्पचा व्होल्टेज सिलेक्टर १२० वरून २३० वर नेला, तर मुख्य फ्यूजही ४ अँपिअरवरून २ अँपिअरचा करावा लागतो. उलट बदल करताना २ अँपिअरचाच राहिला, तर निर्दोष अ‍ॅम्पचाही फ्यूज उडत राहतो. जनरेटरवर चालणाऱ्या मांडवात दाब २५० च्या वर गेलेला मी मीटरवर पाहिला आहे. २५० ला हीटरवर ६.३ ऐवजी सुमारे ६.८५ व्होल्ट पोहोचतात आणि बायस जेमतेम बसवलेला असेल, तर एरवी टिकणारा व्हॉल्व्ह तिथे टिकत नाही.

काचेचे बहुतेक फ्यूज २५० व्होल्ट एसीसाठी बनवलेले असतात, तर अनेक अ‍ॅम्पमध्ये उच्च दाबाचा फ्यूज रेक्टिफायरनंतर, ४५० व्होल्ट डीसीच्या वाटेत बसवलेला असतो. डीसीची ठिणगी लवकर विझत नाही, त्यामुळे तिथला फ्यूज तुटल्यावरही काही काळ प्रवाह चालू राहू शकतो. अ‍ॅम्प उघडलेलाच आहे, तर हा फ्यूज रेक्टिफायरच्या आधी, ट्रान्सफॉर्मरच्या मधल्या तारेत हलवणे मी उचित समजतो. ऐतिहासिक मोलाच्या अ‍ॅम्पमध्ये मात्र मालकाला विचारल्याशिवाय हा बदल करू नये.

दुरुस्तीनंतर प्रत्येक पॉवर व्हॉल्व्हच्या कॅथोडमध्ये १ ओहमचा रेझिस्टर घालावा, म्हणजे त्यावरचे मिलिव्होल्ट हेच मिलिअँपिअर म्हणून वाचता येतात. ईएल ३४ ची प्लेट २५ वॉट सोसते. त्याच्या सत्तर टक्के, म्हणजे १७.५ वॉट, ४५० व्होल्टला सुमारे ३९ मिलिअँपिअरवर होतात, आणि कॅथोडच्या प्रवाहात स्क्रीनचा थोडा वाटा मिसळलेला असल्याने वाचन त्याहून किंचित जास्त येते. हे आकडे सुरुवातीला, अर्ध्या तासाने आणि एका तासाने नोंदवावेत. अ‍ॅम्प त्या वेळी स्पीकरच्या जागी योग्य वॉटेजच्या रेझिस्टरवर चालू ठेवावा, आणि तो कॅबिनेटमध्ये बसवूनच, कारण उघड्या चेसिसला मिळणारी हवा आत मिळत नाही. तासाभरात दोन्ही वाचने काही मिलिअँपिअरच्या आत स्थिर राहिली, तरच अ‍ॅम्प मालकाच्या हाती द्यावा, आणि फ्यूजचे मूल्य व ‘टी’ अक्षर मागच्या पॅनेलवर पुसले जाणार नाही अशा शाईने लिहून द्यावे.